मैदान नकाशात आहे, मग पायाखाली का नाही? मुंबईच्या मोकळ्या जागांचं गणित

महालक्ष्मी रेसकोर्सवर सेंट्रल पार्क होणार, कोस्टल रोडच्या भरावावर बागा होणार, आणि झोपड्या असलेल्या आरक्षित मैदानांबद्दल हायकोर्टाने निकाल दिला, या तीन बातम्या मागच्या काही काळात पाठोपाठ आल्या आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ चालला होता. कुणी म्हणालं मुंबईत आता मोकळी जागा वाढणार, कुणी म्हणालं उरलीसुरली पण जाणार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं, पण आपल्या कोपऱ्यावरच्या प्लॉटचं काय? वीस वर्षं पत्रे लावून ठेवलेत, तिथे मैदान होणार होतं ना?"

काकांचा प्रश्न मला त्या तिन्ही बातम्यांपेक्षा मोठा वाटतो. त्याचं उत्तर देताना डीपी, आरजी, पीजी, टीडीआर, कलम १२७ असे शब्द येतात आणि तिथेच आपण वाचणं सोडून देतो. म्हणून हे सगळं एकदा सरळ लिहून काढतेय, जमेल तितक्या साध्या भाषेत.

आधी माप समजून घेऊ

शहरात मोकळी जागा पुरेशी आहे की नाही हे माणशी किती चौरस मीटर येते त्यावरून ठरवतात. केंद्र सरकारची शहर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर म्हणतात. मुंबईसाठी सगळ्यात जास्त वेळा सांगितला जाणारा आकडा आहे १.२४. कुणी क्लब आणि जिमखाने धरून मोजतं, कुणी ते सोडून मोजतं, त्यामुळे आकडा थोडा पुढेमागे होतो पण चित्र बदलत नाही.

आता चौरस मीटर म्हटलं की डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून गुंठ्यात बघा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे नियमाप्रमाणे दहा माणसांमागे एक गुंठा मोकळी जागा हवी, आणि मुंबईत त्याच एका गुंठ्यात ऐंशी माणसं उभी आहेत. गाव सोडून मुंबईत आलेल्या कुणालाही हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. अजून घरातलं उदाहरण हवं असेल तर दहा बाय दहाची खोली घ्या. ती सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास असते, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला एवढी बाग यायला हवी, आणि येतात किती तर वर्तमानपत्राचे तीन अंक पूर्ण उघडून जमिनीवर पसरले की जेवढी जागा होते साधारण तेवढी.

ही मैदानं आली कुठून

फोर्टातली जी मैदानं आपण बघतो, आझाद, क्रॉस, ओव्हल, कूपरेज, ती बाग म्हणून आखलेली नव्हती. किल्ल्याच्या तटासमोर शत्रू येताना दिसावा, तोफ डागता यावी म्हणून मोठा पट्टा मोकळा ठेवला होता, एस्प्लनेड म्हणायचे त्याला. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडला गेला आणि त्या पट्ट्यातलं जे बांधकामातून वाचलं ती ही मैदानं. त्यावरच पुढे मुंबईचं क्रिकेट वाढलं, भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून, आणि १९८८ मध्ये सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी झाली ती पण आझाद मैदानातच.

दादर-माटुंग्याची गोष्ट वेगळी आहे. १८९६ ला प्लेग आला, माणसं कोंदट चाळींतून पटापट मेली, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने उत्तरेकडे नवीन वस्त्या आखल्या, रस्ते रुंद ठेवले, मधे बागा सोडल्या, माटुंग्याचं फाइव्ह गार्डन त्यातलंच. शिवाजी पार्क १९२५ चं, तेव्हा माहीम पार्क म्हणायचे, १९२७ मध्ये महाराजांचं नाव दिलं गेलं. जवळपास २८ एकर. म्हणजे अकराशे गुंठ्यांच्या वर जागा, आजूबाजूला सगळे मजले चढले तरी ती तशीच राहिली, कारण घरं बांधायच्या आधी मैदान सोडलेलं होतं.

उपनगरात बहुतेक ठिकाणी उलट झालं. घरं, कारखाने, झोपड्या आधी आल्या आणि नंतर कागदावर हिरवा रंग भरला गेला. इथून पुढचा सगळा लेख त्या हिरव्या रंगाबद्दलच आहे.

आरक्षण म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल

शहराचा एक मोठा नकाशा असतो, विकास आराखडा, बोलताना सगळे डीपीच म्हणतात. कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे रस्ता रुंद होणार, कुठे बाग, हे सगळं त्यात आखलेलं असतं. मुंबईचा पहिला डीपी १९६० च्या दशकातला, दुसरा १९९१ चा, आणि आत्ता लागू आहे तो डीपी २०३४, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याचा आधीचा मसुदा २०१५ मध्ये इतक्या चुकांनी भरलेला निघाला की तो मागे घेऊन पुन्हा काम करावं लागलं होतं.

एखाद्या प्लॉटवर डीपीत बाग किंवा मैदान दाखवलं की त्याला आरक्षण म्हणतात. खेळायच्या मैदानाला पीजी आणि मनोरंजन मैदानाला आरजी, एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. आता गंमत नाही तर दुःखाची गोष्ट अशी की आपल्याला वाटतं आरक्षण आहे म्हणजे जागा आपली झाली, आणि ते तसं अजिबात नसतं.

एसटी स्टँडवर गाडी लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, आरक्षण म्हणजे तो रुमाल. सीट अजून आपली नाही, आपण गाडीत चढलोसुद्धा नाही, फक्त बाकीच्यांना सांगितलंय की इथे कुणी बसू नका, आम्ही येतोय. प्लॉटचा मालक दुसराच कुणीतरी असतो, खाजगी माणूस असेल, कलेक्टरची जमीन असेल, म्हाडाची असेल, पोर्टाची असेल. महापालिकेला तो प्लॉट आधी ताब्यात घ्यावा लागतो, मग त्यावर बाग करावी लागते, मग ती लोकांसाठी उघडावी लागते. कागद, ताबा, काम, उघडं गेट, अशा चार पायऱ्या आहेत आणि कितीतरी प्लॉट पहिल्या पायरीवरच म्हातारे होतात. काकांच्या कोपऱ्यावरचा प्लॉट बहुतेक तिथेच अडकलाय.

ताबा घ्यायचा कसा, तर कायद्यात तीन रस्ते आहेत. एक, मालकाशी बोलून पैसे देऊन घ्या. दोन, भूसंपादन कायद्याने घ्या. हे दोन्ही मुंबईच्या भावात फार महाग पडतात आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला अजून वाढला. तिसरा रस्ता म्हणजे पैशाऐवजी बांधकामाचा हक्क द्या, याला टीडीआर म्हणतात. समजा माझा प्लॉट बागेसाठी घेतला, तर मला रोख रकमेऐवजी एक कूपन मिळतं की तू दुसरीकडे एवढं जास्तीचं बांधकाम करू शकतेस, आणि मी ते कूपन बिल्डरला विकू शकते. महापालिकेच्या तिजोरीतून रुपया जात नाही हा फायदा आहे. पण ते जास्तीचे मजले कुठेतरी चढतातच, तिथे माणसं वाढतात, आणि त्या माणसांनाही बाग लागतेच.

रुमाल उडून जातो तो कसा

मालकाच्या बाजूनेही बघायला हवं. तुमच्या जमिनीवर कुणी रुमाल टाकून गेला आणि वीस वर्षं आलाच नाही, तर तुम्ही ना बांधू शकता ना नीट विकू शकता. हा अन्यायच आहे. म्हणून १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो की एकतर घ्या नाहीतर सोडा. नोटिशीनंतर आधी सहा महिन्यांची मुदत होती, २००९ मध्ये ती वर्षाची झाली, २०१५ मध्ये २४ महिन्यांची. तेवढ्यात संपादनाचं खरंखुरं पाऊल उचललं नाही तर आरक्षण रद्द होतं आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. आणि पाऊल म्हणजे काय यावर सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की नुसता प्रस्ताव इकडून तिकडे पाठवला म्हणजे पाऊल होत नाही.

आता तारखा जोडून बघा. डीपी २०३४ लागू झाला सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे त्याची १० वर्षं सप्टेंबर २०२८ ला भरतात. जुन्या डीपीपासून चालत आलेल्या आरक्षणांचं गणित वेगळं असू शकतं, त्यावर कोर्टात भरपूर भांडणं झालीयत, पण या डीपीत नव्याने टाकलेल्या रुमालांसाठी घड्याळ चालू आहे आणि त्याबद्दल कुणी बोलताना मला दिसत नाही. रेसकोर्सच्या बातमीवर शंभर कमेंट येतात आणि या तारखेवर एक पण नाही, हे मला खरंच टोचतं.

जागेवर आधीपासून माणसं राहत असतील तर

हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि इथे घाईघाईत बाजू घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मुंबईतल्या कितीतरी आरक्षित मैदानांवर वर्षानुवर्षं झोपडपट्टी आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती. मग मैदानाचं आरक्षण आहे म्हणून या घरांना हात लावायचा नाही आणि पुनर्वसनही करायचं नाही, की पुनर्वसन करून मैदान विसरायचं? १९९२ पासून सरकारने मधला रस्ता काढलाय. अशा जागेवर झोपडपट्टी पुनर्वसन योजना करता येईल पण काही भाग मोकळा सोडायचा, आत्ताच्या नियमावलीत तो किमान ३५ टक्के आहे. या नियमाला नगर नावाच्या संस्थेने २००२ मध्ये कोर्टात आव्हान दिलं आणि जून २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने नियम कायम ठेवला, मात्र उरलेली ३५ टक्के जागा खरोखर मोकळी आणि लोकांसाठी खुली असली पाहिजे यावर भर दिला.

आकड्यात मांडू. १० हजार चौरस मीटरचं मैदान, म्हणजे जवळपास शंभर गुंठे. योजनेनंतर ३५ गुंठे मोकळे उरणार आणि ६५ गुंठ्यांवर इमारती. एका बाजूने बघितलं तर ६५ गुंठे कायमचे गेले. दुसऱ्या बाजूने बघितलं तर आज त्या शंभर गुंठ्यांत एक गुंठासुद्धा मोकळा नाही, आणि तिथल्या घरांना पक्कं छप्पर, स्वतःचा नळ, स्वतःचं संडास मिळणार आहे. मी दोन्ही बाजू ऐकल्यात आणि दोघांचंही म्हणणं खोटं नाहीये.

पण एक गोष्ट बोलली पाहिजे. मैदान म्हणजे चांगल्या घरातल्या लोकांचा छंद आणि घर म्हणजे गरिबाची गरज, अशी जी मांडणी होते ती चुकीची आहे. ज्याच्या घरात हॉल आहे, बाल्कनी आहे, त्याच्या मुलाला मैदान नसलं तरी चालून जातं. ज्या घरात पाच माणसं एका खोलीत झोपतात त्या घरातल्या दहावीच्या मुलीला अभ्यासाला बागेतला दिव्याखालचा बाक लागतो, म्हाताऱ्याला दुपारी बसायला झाड लागतं, पोरांना क्रिकेट खेळायला जागा लागते. ती ३५ टक्के सगळ्यात आधी त्यांचीच आहे. म्हणून माझी काळजी वेगळी आहे. त्या ३५ टक्क्यांचे तुकडे होतात का, त्यात गाड्या लागतात का, इमारतींच्या मधल्या गल्लीलाच बाग म्हणून मोजलं जातं का, की एकसलग जागा, रस्त्यावरून दिसणारं गेट आणि बाहेरच्यालाही आत येता येईल असं मैदान मिळतं? पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या की कुणी परत टेप घेऊन मोजायला जात नाही.

"पण मुंबईला एवढा समुद्र आहे, नॅशनल पार्क आहे"

आहे, आणि शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल शहराला लागून असणं हे आपलं मोठं भाग्य आहे. पण संजय गांधी उद्यान हे जंगल आहे, त्याचं काम वेगळं. तिथे बिबट्या राहतो, तिथे रोज संध्याकाळी साडेसहाला पोराला घसरगुंडीवर न्यायचं नसतं. समुद्राचंही तसंच. गिरगाव, दादर, जुहूवाल्यांना चौपाटी पायाखाली आहे, पण मानखुर्द, गोवंडी, कुर्ला, साकीनाका इथल्या माणसाला चौपाटी म्हणजे रविवारचा कार्यक्रम, जाऊन येऊन तीन तास आणि रिक्षा-ट्रेन-भेळ धरून खिशाला कात्री.

पाणी प्यायला धरण कितीही मोठं असलं तरी नळ घरात लागतो. मोकळ्या जागेचं अगदी तसंच आहे, ती चालत जाता येईल इतकी जवळ नसेल तर सरासरीचा आकडा काहीही असो, त्या घरासाठी ती शून्य आहे. लहान मुलं, गुडघे दुखणारे आजी-आजोबा, कामावरून आल्यावर स्वयंपाकाच्या आधी वीस मिनिटं मिळणारी बाई, यांच्यासाठी तर नक्कीच.

"आमच्या टॉवरमध्ये पोडियम गार्डन आहे की"

मोठ्या प्लॉटवर इमारत बांधताना काही टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी सोडावी लागते, यालाही बोलताना आरजीच म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. ही सोसायटीची आतली मोकळी जागा, डीपीतली बाग वेगळी. सोसायटीची जागा सोसायटीपुरतीच, वॉचमन बाहेरच्या पोराला आत सोडत नाही.

बिल्डर ही जागा गाड्यांच्या मजल्यांवर, पोडियमवर दाखवायला लागले तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की नियमात किमान जेवढी मोकळी जागा ठरलीय ती जमिनीवरच हवी, पोडियमवर करायची तर ती त्याच्या वर जास्तीची. कारण साधं आहे. स्लॅबवर दोन फूट माती टाकून लॉन होतं, शोभेची झाडं होतात, पण वड-पिंपळ होत नाही, जांभूळ होत नाही, आणि पावसाचं पाणी जमिनीत जात नाही, ते पाइपातून गटारात जातं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, हिंदमाताला दरवर्षी पाणी तुंबायचं ते सगळ्यांना माहीत आहे. महापालिकेने त्यासाठी जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, आणि बांधल्या कुठे तर दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली. कारण एवढ्या मोठ्या टाक्यांना मोकळी जागा लागते, आणि ती तिथे उरली होती. ती मैदानं पूर्वीच बांधून झाली असती तर पाणी नेलं कुठे असतं?

"महापालिकेला जमत नाही तर संस्थेला सांभाळायला द्या ना"

हे मी पण म्हणायचे. बाग आहे पण नळाला पाणी नाही, झोपाळ्याची साखळी तुटलेली, संध्याकाळी दिवे बंद, असं बघितलं की वाटतं कुणीतरी चांगलं सांभाळणारं घेऊ दे. आणि चांगली उदाहरणं आहेत. ओव्हल मैदानाची अवस्था १९९० च्या दशकात वाईट होती, आजूबाजूच्या रहिवाशांनी संस्था करून, कोर्टात जाऊन, पैसे जमवून ते परत उभं केलं, आणि आज तिथे कुणीही पैसे न देता जाऊन बसतो. २०१८ मध्ये युनेस्कोने ज्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला त्याच्या मधोमध हे मैदान आहे.

पण दुसरी उदाहरणं पण आहेत. दत्तक आणि काळजीवाहू अशा दोन पद्धतीने जागा दिल्या गेल्या, काळजीवाहू पद्धतीत संस्थेला काही भागावर बांधकाम करता यायचं, आणि काही ठिकाणी बघता बघता क्लब हाऊस, सभासदत्व, फी सुरू झाली आणि ज्या पोरांसाठी मैदान होतं ती गेटच्या बाहेर राहिली. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेत नवीन दत्तक धोरण मंजूर झालं तेव्हा लोक इतके चिडले की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि आधी दिलेल्या २१६ जागा परत घ्यायचं ठरलं.

शेजारणीला बाळ सांभाळायला देणं आणि बाळ देऊन टाकणं यात जो फरक आहे तोच इथे आहे. करार बघताना मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, मुदत किती, आत बांधकामाला परवानगी आहे का, प्रवेशाला पैसे किंवा कार्ड लागतं का, आणि गेटवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात पार्कसाठी राखलेली जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती ती रद्द केली. म्हणजे दवाखान्यासारखं चांगलं कारण असलं तरी पार्कची जागा सहज उचलून देता येत नाही, हे पस्तीसच्या आसपास वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

मग रेसकोर्सचं पार्क किती मोठं?

रेसकोर्स २११ एकरांचं. त्याची ९९ वर्षांची लीज २०१३ मध्ये संपली. बराच काळ वाद चालल्यावर ठरलं की ९१ एकर रेस क्लबकडे राहणार आणि १२० एकर महापालिकेकडे येणार. कोस्टल रोडलगतची भरावाची जागा त्याला जोडली की साधारण ३०० एकरांचा सलग पट्टा होतो. भरावाच्या जागेबद्दल सुप्रीम कोर्टाची अट आहे की तिथे घरं किंवा दुकानं कधीच बांधायची नाहीत, ही अट फार मोलाची आहे. रेसकोर्सच्या जमिनीखाली क्रीडा संकुलाचंही नियोजन आहे, तिथे वर माती किती खोल राहणार हे विचारलं पाहिजे, पोडियमवाला मुद्दा तिथेही लागू होतो.

मी हिशोब करून बघितला. १२० एकर भागिले १ कोटी २४ लाख माणसं, माणशी येतात ३९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या मोठ्या वहीचं एक पानसुद्धा नाही. पूर्ण ३०० एकर धरले तर दोन पानं आणि वर थोडं. आणि रेसकोर्स आजही मोकळीच जमीन आहे, लोक तिथे चालायला जातच होते, त्यामुळे ते सगळं नवीन पण नाही. १.२४ चं फार तर १.३४ होईल.

पार्क नको असं मी म्हणत नाहीये, व्हायलाच हवं, आणि दक्षिण मुंबईत एवढी जागा परत कधी मिळणार नाही. पण आकडा खरा वाढायचा असेल तर तो वॉर्डावॉर्डातल्या दहा गुंठ्यांच्या, वीस गुंठ्यांच्या पत्रे लावलेल्या प्लॉटांमधूनच वाढेल. धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आठवा, ३७ एकर, कधीकाळी तिथे शहराचा कचरा टाकायचे, १९९४ मध्ये ते उद्यान म्हणून उघडलं आणि आज तिथे जंगल आहे. कचऱ्याच्या डोंगरावर होऊ शकतं तर पत्र्यांच्या मागच्या गवतावर का नाही?

आपल्या प्लॉटचं कसं बघायचं

सोपं आहे, वकील लागत नाही. डीपी २०३४ चे नकाशे महापालिकेने ऑनलाइन ठेवलेत, आपल्या भागाचं शीट उघडायचं, मोकळ्या जागा हिरव्या रंगात असतात. प्लॉटचा सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, माहीत असेल तर फी भरून डीपी रिमार्क मागवता येतो, त्यात त्या जमिनीवर कोणतं आरक्षण आहे ते लिहून मिळतं. मग वॉर्ड ऑफिसला किंवा उद्यान खात्याला माहिती अधिकारात विचारायचं की जागा ताब्यात आहे का, नसेल तर मालकाची कलम १२७ ची नोटीस आलीय का आणि कधी आली. नोटिशीची तारीख मिळाली की त्यात २४ महिने मिळवा, रुमाल कधीपर्यंत टिकणार ते कळतं.

आणि आरक्षण बदलायचं असेल तर त्याच नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर नोटीस काढून सूचना-हरकती मागवाव्या लागतात, एक महिन्याची मुदत असते. ही नोटीस पेपरात अशा बारीक अक्षरात येते की नजर घसरूनच जाते. हरकत साध्या कागदावर, साध्या मराठीत, दोन परिच्छेदांत लिहिली तरी चालते, फक्त तारीख चुकवायची नाही आणि पोच घ्यायची.

काकांचा प्लॉट मी बघितला. शीटवर हिरवा आहे, पीजी आहे, बारा गुंठ्यांच्या आसपास. ताब्याबद्दलचा अर्ज मागच्या सोमवारी दिलाय, पोचपावती काकांनी लॅमिनेट करून बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर लावलीय आणि खाली पेनाने तिसावा दिवस कोणता ते लिहून ठेवलंय.